गोगाबाबाच्या टेकडीवरून उतरताना

सिडको एन-आठ, छत्रपती संभाजीनगर
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. वाकून करण्याइतकं बळ नाही, पडल्यापडल्याच करते. स्वराली बारावीचा अभ्यास रेटतेय. तिच्या बाबाला, मंदारला, चितेगावच्या कारखान्यात पुन्हा पहिली पाळी लागलीय. इथं अजून दुपारी लई तापतं.

हे पत्र तीन दिवस लिहितेय, एका वेळी दहा मिनिटं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस ना! "मनावर घे, उमा," एवढंच तुझं पालुपद.

दिवाळी झाली की मला पुन्हा त्या पुनर्वसन केंद्रात न्यायचं तू परस्पर ठरवलंस. तिथं दर आठवड्याला चालणं वाढवायचे. थकले म्हटलं की म्हणायचे, "ताई, हा आजार नाही, सवय आहे." आणि मी तक्त्यात "बरं वाटलं" लिहायची. खोटं लिहायची, दादा. शनिवारी तो तक्ता तुला पोचायचा, लगेच तुझा आनंदानं फोन यायचा. मग कोणत्या तोंडानं खरं सांगू?

ऑगस्टमध्ये गोगाबाबाची टेकडी चढले, तो व्हिडिओ तू सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. "बघा आमची वाघीण!" वाघीण कसली डोंबलाची! खाली मंदारनं पाठीवर घेऊन आणलं. पुढं एकोणीस दिवस उजेड सोसवत नव्हता, कंगवा उचलत नव्हता. तू फोन केलास तेव्हा स्वराली म्हणाली ना, आई अंघोळीला गेलीय? तीच मला अंघोळ घालत होती. सतरा वर्षांची पोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

टेकडीआधी निदान पोळ्या लाटत होते. आता तेही गेलं.

नव्या डॉक्टर करुणाताईंनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम असं स्पष्ट लिहून दिलंय. त्या म्हणतात, असेल तेवढी ताकद जपा, थकायच्या आधीच थांबा. बरी होईन असं वचन त्या देत नाहीत. पण माझं खरं मानतात.

केंद्राला मी स्वतः कळवलंय, उमा येणार नाही. आणि हो, उतरतानाचाही व्हिडिओ स्वरालीनं काढला होता. मंदारच्या पाठीवर माझी मान कशी लोंबतेय ते दिसतं त्यात. आज तो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तुला विचारलं नाही. राग आला तर येऊ दे.

भाऊबीजेला जरूर ये. पलंगावर पडूनच ओवाळीन. मला उठवायला मात्र हात पुढं करू नकोस.

आळशी नसलेली,
तुझी उमा