मोहाच्या झाडाखालची झाडलोट

आये, सगळ्यात आधी आली ती दहिवलीची आमची विहीणबाई, आणि तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तू तिला बघितलं नायस, तू गेल्यावर आमच्या पोराचं लगीन झालं. सुनेची आई ती. पाहुणे यायचे होते ऊन कलल्यावर आणि ही सकाळीच हजर, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. दारातूनच म्हणते कशी, "मुंबैचे लोक दारू प्यायला तुमच्या दारात येणार म्हणं, म्हणलं आपण बी बघावं जरा." बघायचं कसलं, माझी फजिती बघायला आलती ती. ती स्वतः गुळाची दारू करते. मी एकदा तोंडाला लावली होती, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं धरून बसले. पण सोयरीक म्हणून पाट दिला, चहा दिला. आता चहावरनं आठवलं, पाहुणा पण चहावालाच. ते सांगते.

आपला पोरगा मोहोपाड्याच्या कारखान्यात लागला ते तुला मी मनातल्या मनात सांगितलंच हाय. त्याच्या साहेबाचा मेव्हणा मुंबैत चहाच्या कंपनीत हाय आणि त्याचं काम काय, तर चहा चाखायचा. आमच्या वाडीत ही गोष्ट कळली तेव्हा बाया हसून हसून लोळल्या. "चहा पिण्याचा पगार! मग आमच्या नवऱ्यांना दारूचा पगार का नाय?" तर हा माणूस आणि त्याची बायको सुट्टीत पळसदरीला उतरले होते आणि फिरत होते गावोगाव, ज्या गावाचं जे पेय असेल ते चाखत. खालापूरच्या बाजूला ताडी पिऊन झाली, एका वाडीत जांभळाची, दुसरीत मोहाची. देवळं बघत फिरतात तसे हे मडकी बघत फिरत होते. पोरगा घरी आला आणि म्हणाला, "आये, आजीच्या रीतीची पाजशील का त्यांना? मी सांगून बसलोय." सांगून बसलोय म्हणं! विचारायचं नंतर.

आता तुला खरी गोष्ट सांगते. तू गेल्यापासनं मी चुलीवर मडकं चढवलंच नव्हतं. दारूबंदीच्या साली तू ओढ्याच्या वाळूत पुरून वाचवलेलं ते काळं मडकं माझ्याकडं हाय, पण त्यात मी कडधान्य ठेवते. कारण मामा. तुझा भाऊ अजून हाय गं, डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि सावली कळते त्याला, पण जीभ अजून तिखट. तू गेल्यावर त्यानं मोहाची सोडली. कुणी किती बी आग्रह केला तर एकच बोलणं, "बायच्या हातची नाय, ती मोहाची नाय." बाय म्हणजे तू, सगळ्या वाडीला माहीत. मग मी करायची आणि मामानं द्रोण बाजूला सारायचा, हे मला सोसलं नसतं. म्हणून नाय केली. मुंबैचा माणूस काय म्हणतो याची मला एवढी भीती नव्हती, त्याला चहातलं कळतं. मला भीती मामाची होती.

पण पोराचा शब्द गेला होता. आणि झाड फुललेलं होतं, आपलंच, गोठ्यामागचं. पहाटे उठून बसले तर फुलांची टपटप टपटप, तुला तो आवाज आठवतो का? मला सगळं आठवलं. मी एवढीशी हाय, हातात खराट्याचा तुकडा, आणि पलीकडच्या झाडाखाली सगळ्या बाया पालापाचोळा पेटवून मोकळ्या होतायत. काळी स्वच्छ जमीन, त्यावर पिवळी फुलं, वेचायला किती सोपं. आणि तू मला वाकून पान अन् पान झाडायला लावतेस. मी रडवेली होऊन म्हणते, "आये, त्या पेटवतात, आपण का नाय?" तर तू माझ्या कमरेला तुझ्या हातानं दाबून परत वाकवलंस आणि म्हणालीस, "कंबर दुखली तर रात्री चोळून देईन. पण फुलाला राख लागली तर कोण चोळणार?" त्या वेळेला मला तू दुष्ट वाटली होतीस. रात्री तेल लावून कंबर खरंच चोळून दिलीस, तेव्हा जरा कमी दुष्ट.

तर यंदा मी झाडलं. गुडघे कुरकुरतात, सून म्हणाली पेटवून देऊ, तिची आई तेव्हा लेकीला भेटायला आलती, ती म्हणाली, "एवढं झाडताय ते काय लग्नाचा मांडव घालताय?" मी म्हणलं, "हो, फुलांचं लगीन हाय." सुनेनं निम्मं झाडलं, गुणाची पोर हाय, आईवर गेली नाय. फुलं वाळवली, भिजत घातली, वास पालटायची वाट बघितली. मग काळ्या मडक्यातलं कडधान्य काढलं, मडकं घासलं, चुलीवर चढवलं, वर गार पाण्याचं भांडं. पाणी कोमट झालं की बदल, कोमट झालं की बदल. पहिली धार आली तेव्हा चाखून बघायचा धीर झाला नाय मला. तशीच भरून ठेवली.

पाहुणे आले, चांगली माणसं. बाई तर चपला काढून शेणानं सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसली. मामाला सुनेनं हात धरून आणलं, म्हणलं नुसतं बसायला या. मी पळसाच्या पानांचे द्रोण मांडले आणि आधी तुझ्या नावानं थोडी धार जमिनीवर सोडली, रीतीनं. मग पहिला द्रोण पाहुण्याला. त्यानं वास घेतला, डोळे मिटले, घोट घेतला, तोंडात इकडून तिकडं फिरवला, आणि आये, थुकला. थुकला तो कुठं, तर तुझ्या धारेनं ओल्या झालेल्या त्याच जागेवर.

अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली असं मला वाटलं. पोराचं तोंड पांढरं पडलं. विहीणबाई बघ कशी कुजबुजली, सगळ्यांना ऐकू येईल अशी, "पितरांच्या जागेवर थुकला गं बाई!" पाहुण्याच्या बायकोनं कपाळावर हात मारला, "अहो, हा चहा नाही!" आणि तो बिचारा लालेलाल. "माफ करा हो आजी. कामाची सवय. ऑफिसात घोट घ्यायचा, फिरवायचा आणि थुंकायचा, गिळला की जीभ मरते. चुकलो मी, खरंच चुकलो."

आणि मामा हसायला लागला. आधी खोकल्यासारखा, मग मोठ्यानं. "थुकला? थुकला म्हणता? अरं मग जाणता दिसतो. आमची बाय तेच करायची. जन्मात एक घोट गिळला नाय तिनं."

आये, मी कशी विसरले गं? तू चुलीपाशी उकिडवी, बोटावर थेंब घेतलास, जिभेवर फिरवलास, बाजूला थुकलीस. "अजून नाय." परत थेंब, परत थुकलीस. "झाली." सगळी वाडी प्यायची आणि तू कधीच नाय.

पाहुण्याला धीर आला. म्हणाला, "आजी, आधीच्या मोहाच्या दारूला जळका वास होता. मला वाटलं मोहाला असतोच. इथं नाही. का?" मी खराटा दाखवला त्याला. हातानं वाकून दाखवलं पण, कसं झाडायचं. बाई उठली आणि तिनं पण झाडून बघितलं, साडीचा पदर खोचून. विहीणबाई म्हणाली, "अगंबाई, मुंबैहून झाडू मारायला आल्या!" पण हसली ती, खोटं कशाला सांगू. आणि तिनं दुसरा द्रोण मागितला.

पण मी बघत होते मामाकडं. त्यानं हात पुढं केला होता. "त्याचा उरलेला दे इकडं." मी दिला. थुकला नाय तो. गिळला, आणि तोंड झाडाकडं केलं. मग म्हणाला, "राख नाय." त्यानं ओठ चाटले. मग म्हणाला, "पण पोरी, ही बायची नाय." माझे डोळे भरलेच. तर म्हणतो, "तिची तिखट असायची. ही गोड उतरलीय. ही तुझी हाय." आणि रिकामा द्रोण परत पुढं केला.

जाताना त्यांनी चहाचा पुडा दिला. बाईनं विचारलं, आजी लिहिता येतं का, पत्र पाठवा. मी म्हणलं येतं, रात्रीच्या वर्गात शिकले. पण तिला नाय लिहिलं, पहिलं तुला लिहायला बसले. तुला तर एक अक्षर येत नव्हतं, आणि हे पाठवायचं तरी कुठं? मडक्यात कडधान्यावर ठेवीन. एवढं मात्र लिहिते, कुणाला म्हणणार नाय: तुझ्यासारखी नाय जमली, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाय वाटलं, आये. रात्रभर मी एकटीच हसत पडले होते.

परत येतो म्हणाले. मी म्हणलं, असं हवेत नको, दिवस सांगा, झाडायला लागतं. बाईनं बोटांवर मोजलं आणि सांगितलं, पुढच्या होळीनंतरचा दुसरा रविवार.