प्रश्न सहावा, ऐंशी कोरे

४ जानेवारी १९९९, लातूर
क्लासचे मालक श्रीमंत सर, त्यांनी जाहिरातीसाठी सर्व्हे माझ्यावर सोपवला. साहजिकच. अख्ख्या क्लासमध्ये स्टॅटिस्टिक्स मलाच येतं. बारावीची २४० पोरं. मुख्य प्रश्न सहावा: ‘डॉक्टर होण्याचा निर्णय किती टक्के तुझा स्वतःचा?’ आमची शीलाही याच बॅचला. ती शंभर लिहिणार. बाप आहे मी तिचा.

७ जानेवारी
सहावा प्रश्न ऐंशी जणांनी कोराच सोडला. आळशी पिढी! बायको म्हणाली, कायतरी अडलं असंल लेकरांचं. कमलम्माला डेटा कळत नाही. उद्यापासून रोज वीस जणांना गाठून विचारणार. नक्की.

८ जानेवारी
थंडी फार.

९ जानेवारी
विचारायची गरजच नाही! लिहिलेल्या १६० जणांची सरासरी नव्वद. ऐंशी कोऱ्या जागी लाल पेनने नव्वद टाकून मोकळा झालो. भूकंपानंतर किल्लारीला माणसं मोजायला होतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये कोणी भेटलं नाही की शेजारच्या शेडइतकी माणसं लिहायचो. साहेब खूश असायचे.

१० जानेवारी, दुपारी
कमाल! सरासरी कितीने चुकू शकते, तो अंदाज आधी ०.९५ होता, आता ०.६३. न विचारताच एवढी अचूकता! यावर पेपर लिहिणार.

१२ जानेवारी
केमिस्ट्रीचे मुनीब सर चहा पिता पिता म्हणाले, सर, जे ठाऊकच न्हाई ते लिवून तुमची खात्री कशी काय वाढून राहिली? त्या जागी चार-पाच येगळे आकडे घालून बघा, उत्तर किती हलतंय ते तरी कळंल.
जळतात. चहा अर्धा टाकून उठलो. दिवसभर तेच डोक्यात.

१३ जानेवारी
शीलाचा फॉर्म दाखवून मुनीबचं तोंड बंद करायचं ठरवलं. गठ्ठा सोडला. रोल नंबर ११७.
कोरा. त्यावर माझंच लाल नव्वद.
वेळ कमी पडला असेल. पाच मिनिटंच दिली होती.

१४ जानेवारी, संक्रांत
शीला म्हणाली, वेळ लई होता अप्पा. खरं लिवलं असतं तर तुम्हाला लागलं असतं, खोटं लिवायचं जिवावर आलं.
किती, विचारलं. शून्य, म्हणाली. तिला नांदेडला जाऊन गणित शिकायचंय. कमलम्माला वर्षभरापासून माहीत आहे. मला का नाही सांगितलं, म्हणालो. शीला म्हणाली, तुम्ही इचारलं कधी?
नव्वद खोडून शून्य टाकलं. सरासरी ८९.६. म्हणजे फरक काहीच नाही. तो ०.६३ मात्र ०.७३ झाला. एका पोरीमुळे.
गुळाची पोळी ताटात टाकून उठलो.

१५ जानेवारी
श्रीमंत सर जाहिरातीचा आकडा मागायला दोनदा आले. सांगितलं, अजून माहीत नाही.
एकीला विचारून झालं. एकोणऐंशी राहिले.