कोरड्या नदीकाठचा मुक्काम

बाबा, त्या दुपारचा धक्का अजून उतरलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं भांडण तुमच्याशी चालूच आहे.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा, क्युपर्टिनोतलं आमचं स्वयंपाकघर. आमच्याकडे राहायला आलेली आई नुकतीच इथेच गेली होती. तिच्या अस्थी तुम्ही नाशिकला नेणार, असं मी धरून चालले होते. तुमचं मन जरा रमावं म्हणून ह्यांनी मोटरहोम भाड्याने घेतली. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली ती लांबलचक गाडी. टेबलावर नकाशा पसरून तुम्ही रस्ता ठरवताय. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. हमरस्ता सोडून तुमचं बोट वाळवंटातल्या एका तुटक निळ्या रेघेवर.

"बाबा, हा रूट फार लाँग पडेल," हे म्हणाले. "सरळ हायवेने ड्राइव्ह करू ना."

"मुक्काम नदीकाठीच पाहिजे," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, आंघोळीसाठी असेल. अमेरिकेत आलात तरी तुमचं सोवळं काही सुटत नाही, म्हणून मी मनात हसलेसुद्धा.

वाटेत दिसेल त्या पंपावर तुम्ही गाडीची पाण्याची टाकी भरून घेतलीत. आणि पोचलो तर नदी कुठली! नुसती वाळू, वाळकी झुडपं आणि अंग भाजणारं ऊन. "फसलात ना, बाबा?" मी म्हटलं. तुम्ही पिशवीतून आईच्या अस्थींचा डबा काढलात. पाठोपाठ तुम्ही गाडीखाली वाकून टाकीची तोटी उघडलीत.

पाणी भसाभसा वाळूत धावलं. "आजोबा, स्टॉप! दॅट्स अवर वॉटर!" तुमची नात किंचाळली. मी तुमचा हात धरून ओरडले, "वेड लागलंय का? पोर आहे बरोबर!"

"प्यायचा कॅन वेगळा भरून ठेवलाय. हात सोड, नाहीतर पाणी वाहायचं थांबेल."

मी हात सोडला. घोटाही बुडणार नाही अशा त्या ओहोळात तुम्ही आईला सोडलंत. थोडं पुढे जाऊन तो वाळूत जिरला.

"ही नदी कोरडी असते, तुम्हाला कळलं नव्हतं?" मी रडत विचारलं.

"कळलं होतं. नकाशात तुटक रेघ म्हणजे कोरडी नदीच. म्हणून तर निवडली. तिला खोल पाण्याची फार भीती गं. रामकुंडावरसुद्धा वरच्या पायरीवर बसायची, माझा हात धरून."

जिच्या मांडीवर वाढले, तिची एवढी साधी भीती मला माहीत नसावी?

हे पत्र कुठे टाकणार? राहू दे इथेच. एक मात्र सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी नाशिकला आले, आणि तुमच्या अस्थी रीतसर गोदावरीत, चांगल्या खोल पाण्यात सोडल्या. तुम्हाला कशाची भीती वाटायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं.