रानाच्या तोंडची जाळी

आत्याबाई,

आज भर वैशाखात झऱ्यावरून कळशी भरून आणली आणि तुमची आठवण आली. तुम्ही असतात तर, पाणी हाय तवर भरून घे, तोंड कमी चालव, म्हणाला असतात.

मी वाईहून तुमची सून होऊन या डोंगरात आले, ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कोळशासाठी कंत्राटदारानं आपल्या परसामागचं निम्मं रान तोडून नेलं होतं. उरलेलं रान भिंत पडलेल्या घरासारखं उघडं दिसायचं. ऊन आडवं आत शिरायचं, पाचोळा पायाखाली पापडासारखा मोडायचा. आतल्या झाडांना वाऱ्याची सवयच नव्हती. वळवाच्या एका वावटळीत कडेची मोठमोठी झाडं आडवी झाली. झरा आत होता खरा, पण तोही होळीलाच आटला. मग आपण दोघी खाली ओढ्यावर उतरायचो. चढताना भरली कळशी घेऊन तुम्ही माझ्यापुढे असायचात, याचा मला मनापासून राग यायचा.

पुढे त्या उघड्या कडेला करवंद, तोरण, घाणेरीची जाळी माजली. त्या वर्षीच्या संक्रांतीला तुम्ही उंब्रजच्या बाजारातून मला नवा कोयता आणलात. सरपण लांब आणि जाळी दारात, म्हणून मी पदर खोचून निघाले. तुम्ही भाकरी टाकून पिठाच्या हातानं मागे आलात आणि कोयताच धरलात. हितली एक काटकी तोडायची न्हाई, म्हणालात. मी म्हटलं, साप निघतील, आणि दिसतं तरी कसं हे. तेव्हा तुमचा आवाज उतरला.

"रानाचं दार मोडलंय, बाई. त्येचं त्ये नवं लावतंय. लावू दे त्येला. झरा आतच हाय न्हवं?"

मी फणकाऱ्यानं लांबच्या डोंगरावर सरपणाला गेले. जळण दारात असून सासू सुनेला डोंगर फिरवते, म्हणून आळीतल्या बाया हसत होत्या. मलाही ते पटत होतं.

जाळीत पाखरं बसू लागली, त्यांनी जांभळाच्या बिया टाकल्या. ऊन-वारा बाहेरच अडला, पाचोळा ओला राहू लागला. ज्या वर्षी झरा होळी ओलांडून पाडव्यापर्यंत पोचला, त्या वर्षी तुम्ही कळशीला हळदकुंकू लावलंत. पुढचं बघायला तुम्ही राहिला नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. आता ती जांभळं माझ्या कवेत मावत नाहीत. तेव्हा गेलेले जुने हिरडे तेवढे अजून परतले नाहीत, पण त्यांची रोपं गुडघ्याला लागतात.

परवा माझी सून कोयता घेऊन जाळीकडे निघाली. मी पिठाच्या हातानंच मागे गेले आणि दाराचं सगळं सांगितलं. ती बघतच राहिली. म्हणाली, "आत्याबाई, तुमाला लय कळतंय."

तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हा कागद चुलीमागच्या फळीवरच राहणार. म्हणून खरं ते लिहिते. हे माझं नव्हे, माझ्या सासूचं, असं मी तिला सांगितलं नाही. फार बरं वाटत होतं हो.