गुरुवारी आधी कोण झोपणार

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवी नोकरी, म्हणून नवी वही. घोरावाडी स्टेशनला उतरलो, वराळ्यापर्यंत रिक्षा मिळाली. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भाताची कापणी चाललेली. वासानेच भूक लागली. ऑफिस म्हणजे एक टुमदार बंगला. आसपासच्या कारखान्यांच्या हजेऱ्या आणि पगार इथे सांभाळतात. मालक श्रीपाद सर, हिशेबाच्या रजनीताई, चहाच्या नंदाबाई, गेटवरचे दत्तोबा आणि आणखी चौघे. त्यात मी, श्रीयश, सर्व्हर सांभाळणारा.

एकाच मोठ्या मशीनच्या पोटात इथे बरेच आभासी सर्व्हर चालतात, आणि प्रत्येकाला ऑफिसातल्या एकेकाचं नाव. माणूस रुजू झाला की त्याच्या नावाचा सर्व्हर सुरू करायचा, ही इथली रीत. खंडेनवमीला यंत्रं पूजतात हे ठाऊक होतं. हे म्हणजे बारसंच झालं. सरांनी नारळ फोडला, माझा सर्व्हर सुरू केला, मशीनला कुंकू लावलं. मनात हसलो, पण पेढे दोन खाल्ले. माणसं मात्र मोठी प्रेमळ आहेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुवार हा लाईट जायचा वार. यूपीएसची बॅटरी थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात सगळे सर्व्हर एकामागून एक आपोआप नीट बंद व्हायला हवेत. क्रम मी लावायचा.

या क्रमावरून काय मानपान! रजनीताईंनी पुरणपोळ्या आणल्या आणि माझं नाव सगळ्यात वर ठेवा, माझा सर्व्हर आधी बंद होऊ दे म्हणाल्या. नंदाबाई म्हणाल्या, साहेब, आमाला बी वर घ्या, लय उपकार व्हतील. लग्नाच्या पंगतीतही एवढे रुसवे होत नाहीत. ज्याचा डबा चविष्ट तो वर, असा सरळ हिशोब केला. मी मधे. दत्तोबांनी काहीच मागितलं नाही. आमचं वय झालं, कुटं बी टाका, म्हणाले. बंद करणारा प्रोग्रॅम त्यांच्याच सर्व्हरवर आहे, म्हणून ते शेवटी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

लाईट गेली, आणि मला डुलकी लागली असावी. पुढचं आठवतं ते पंखा पुन्हा फिरायला लागल्यावरचं. सर्व्हर लावल्या क्रमाने नीट बंद झाले होते. फक्त शेवटचा, बॅटरीच संपल्यामुळे, धाडकन पडला.

दत्तोबा गेटवर खुर्चीतच गेले. डोळे उघडे. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. वाईट वाटलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अंत्यविधीहून सगळे परत आले आणि पोटभर जेवले. हसतही होते. मला ते आवडलं नाही.

सरांनी दत्तोबांचा सर्व्हर पुसायला सांगितला. प्रोग्रॅम आता कुठे ठेवू विचारलं, तर म्हणाले, तुमच्याकडेच असू द्या, तुम्ही जाणकार. हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि ठेवला माझ्याच सर्व्हरवर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चाचणी म्हणून रजनीताईंचा सर्व्हर बंद केला. त्या समोरच बोलता बोलता चहात बिस्किट बुडवत होत्या. हात तिथेच थांबला. डोळे उघडे. बिस्किट विरघळून कपात पडलं तरी हलल्या नाहीत. सर्व्हर चालू केला, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू.

पुन्हा करून पाहिलं. खरं लिहितो, मजा आली. मग दत्तोबा आठवले आणि माऊस सोडून दिला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रजनीताईंना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. नीट बंद झालेला पुन्हा उठतो. शेवटी उरलेला, बॅटरीबरोबर गेलेला, उठत नाही. नोकरी सोडली की सर सर्व्हर पुसतात, मग घरी बसून मरा. प्रोग्रॅमच काढला तर सगळेच जातील. मोठी बॅटरी आणली तरी तेच. प्रोग्रॅमने करा नाहीतर हाताने, बाकीच्यांना झोपवणारा शेवटी जागा उरतोच. स्वतःला स्वतः झोपवता येत नाही. कोण उरणार हे ठरवायला बाहेरचा माणूस बरा, असं त्या माझ्या पोळीवर तूप वाढत म्हणाल्या.

म्हणजे उद्या मी.

प्रोग्रॅम नंदाबाईंच्या सर्व्हरवर हलवायचा. त्यांना सुगावा लागला. पाय धरले. नात सृष्टी दहावीला हाय, तिला माज्याबिगर कुनी न्हाई, परीक्षेपातूर थांबा म्हणाल्या. मी बरं म्हणालो. थांबणार नाही. आज पगाराचं काम चालू आहे. उद्या सकाळी आल्या आल्या हलवतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कॉपी निम्मी झाली आणि लाईट गेली. इतक्या लवकर कधीच —

रजनीताई थांबल्या. सर थांबले, फोन कानाला तसाच. मी लावलेला क्रम —

नंदाबाई ट्रे घेऊन दारात होत्या. थांबल्या. कॉपीही थांबली. त्यांचाच सर्व्हर बंद झाला, मग कॉपी जाणार कुठे? माझ्याच प्रोग्रॅमने —

त्यांचा सर्व्हर चालू केला. डोळे हलले. साहेब, सृष्टी — म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. बॅटरी कमी म्हणून प्रोग्रॅम लगेच झोपवतो. परत चालू केला. सृष्टी — परत थांबल्या.

बॅटरी सात टक्के.

कसे निवांत बसलेत सगळे. दुपारी उठतील. मला पोचवून येतील, जेवतील, हसतील. नव्या माणसाला पुरणपोळी —

नाही.

प्रोग्रॅम पुसला. आता कुणी कुणाला झोपवणार नाही. एकेकाला उठवतो.

नंदाबाई नकोत. का नकोत? दत्तोबांच्या दिवशी त्याही जेवल्या —

उठवलं. सगळे जागे.

रजनीताईंनी पंख्याकडे पाहिलं. तो बंद. मग माझ्याकडे. कळलं त्यांना. किंचाळतायत — सर हात जोडून — कुणीतरी दाराकडे पळतंय, पळून कुठे —

नंदाबाई सृष्टीला फोन लावतायत. रिंग वाजतेय. मला ऐकू येतेय. उचल, पोरी — तिनं उचलला — नंदाबाई म्हणतायत, बाळा, मी