सासूबाईंची दाढ आणि माझी पिचकारी

गुरुवार, सायंकाळ, सरावली, बोईसर

दंतमूलशोधनधुरंधर, सरावलीदंतरक्षक, जामातशिरोमणी अशा आम्हांस आज सपशेल पराभव पत्करावा लागला. सासूबाईंच्या दाढेच्या मुळांतल्या नलिका मी मागच्या दोन खेपांना सिरिंजने, ब्लीचसारख्या जंतुनाशक द्रावणाने धुतल्या. त्यात ते द्रावण उडून माझ्या निळ्या पँटवर पांढरा ठिपका पडला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बरं हाय, जावयबापू." जावयाचा मान राखायला माउलीने ठणका गिळला! ठणका तसाच आहे, हे खरे सांगितले ते लेकीला. दाढ काढावीच लागणार की काय, असे वाटू लागले होते.

आज आमच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, तेच द्रावण नलिकांत भरून अल्ट्रासोनिक यंत्राने कंपित केले. सूक्ष्म उपशाखांतला मळ वर आला. इंजेक्शनची बधिरता उतरली, तरी ठणका परतला नाही.

"खरंच दुखत नाही?" मी विचारले.

"पोरीनं केलंय, खोटं कशाला बोलू?"

हरलो, आणि किती बरे वाटले! पँटवरचा ठिपका मात्र कोणत्याच पद्धतीने जात नाही, आणि उद्यासाठी दुसरी इस्त्रीची पँट नाही.