पाणी निवळलंच पाहिजे

४ फेब्रुवारी, मंगळवार
टाकी आली. हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसवली. खडे, पाणी, फिल्टर, दिवा, सगळं एका संध्याकाळी. मनावर घेतलं की होतं. ही म्हणाली, खडे धुतलेत का. पॅकबंद खडे कोण धुतं?

कारण नोंदवून ठेवतो. लेक महिनाअखेर नोकरीसाठी परदेशी चालली. तिचा मासा (केशरी, लठ्ठ, कॉलेजपासून तिच्या खोलीवर, नाव मॅनेजर) कुणाकडे तरी ठेवायचाय. उमेदवार दोन: मी आणि तिची मावशी. मावशीकडे आधीपासून टाकी आहे. तेवीस तारखेला लेक येणार, आमची टाकी बघणार आणि मग ठरवणार.

मासा जिथे, फोन तिथे. हे माझं मी ओळखलंय. एरवी ती हिच्याशी बोलते, मी फोन घेतला की तिला मीटिंग आठवते. मासा आमच्याकडे असला की मॅनेजर कसा आहे हे तिला मलाच विचारावं लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी पाणी पांढरट. संध्याकाळी दुधासारखं. टाकी घेतली त्या मासेवाल्याला फोन केला. तो जांभई देत म्हणाला, नव्या टाकीत होतं असं, काही करू नका, आपोआप निवळेल. याला दुकान कुणी काढायला सांगितलं?

मी जलशुद्धीकरण केंद्रात सुपरवायझर आहे. अख्खं शहर माझ्या हातचं पाणी पितं. आपोआप हा शब्द आमच्या खात्यात चालत नाही. संकल्प: शनिवारपर्यंत आरपार दिसलं पाहिजे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सगळं पाणी उपसलं, नवं भरलं. फिल्टरचा स्पंज गरम पाण्याने खळखळून धुतला. पाणी आरशासारखं. हिला मुद्दाम बोलावून दाखवलं. ही म्हणाली, आता राहू द्या हो तसंच.

राहू दिलं. फक्त टाकीला सवय व्हावी म्हणून माशांचं खाद्य टाकलं, चिमूटभर. बरं, मूठभर. ही म्हणाली, मासा नाही तर जेवायला कुणाला घालताय. नियोजन म्हणतात याला.

८ फेब्रुवारी, शनिवार
दूध. बुधवारच्यापेक्षा दाट.

९ फेब्रुवारी, रविवार
घरी जार टेस्ट घेतली. केंद्रात पाणी गढूळ आलं की सहा भांड्यांत तुरटीचे सहा डोस टाकून कुठलं निवळतं ते बघतात. भांडी म्हणून पाहुण्यांचे काचेचे ग्लास घेतले. चौथा डोस उत्तम बसला. हिने त्याच ग्लासातलं पाणी चहाला वापरलं. चहा तुरट झाला. यात माझी चूक काय? ग्लास ओट्यावर होता म्हणून तो पिण्याचा होतो?

चौथ्या डोसाच्या हिशेबाने तुरटी टाकीत घातली. गाळ खाली बसला. मग फिल्टर सुरू केला. गाळ वर आला.

१० फेब्रुवारी, सोमवार
सॅम्पल केंद्राच्या लॅबमध्ये नेलं, ऑफिसच्याच बाटलीत. लेबल लावायचं राहिलं. मी डबा खायला गेलो तेवढ्यात लॅबच्या बाईंनी ते पूर्व भागाचं समजून तपासलं. आकडा पाहून त्या खुर्चीतून उठल्या. साहेब आले. पूर्व भागाचा पुरवठा बंद. सगळीकडे फोन. मी आलो आणि खुलासा केला. साहेबांनी स्वतःच्या हाताने बाटलीवर लेबल चिकटवलं.

यंत्रणा किती सतर्क आहे हे मात्र माझ्यामुळे सिद्ध झालं. ते कुणी बोलत नाही.

घरी आलो, टाकी अर्धी उपसली, नळ सोडला. नळाला पाणी नाही. आम्ही पूर्व भागात राहतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मासेवाल्याच्या दुकानात जाऊन जरा आवाज चढवला. तो म्हणाला, काही करू नका म्हटलं होतं, स्पंजवर बुळबुळीत थर धरला की तोच पाणी निवळवतो. मी म्हटलं, काहीतरी द्या. मग त्याने दोन बाटल्या दिल्या. एक निळी, एक पिवळी. घरी आल्यावर दोन्ही एकदम टाकल्या, वेळ वाचतो. पाणी हिरवं झालं. पांढऱ्यापेक्षा बरं दिसतं, असं मला वाटतं. हिला वाटत नाही.

मावशीचा फोन होता. म्हणाली, भाऊजी, फार हात घालू नका त्यात. ती मला पहिल्यापासून पाण्यात पाहते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पुन्हा सगळं पाणी बदलायला काढलं. दुसऱ्याच बादलीला कमरेत उसण भरली. बादली तिथेच. मी पण तिथेच. हिने आणि शेजारच्यांनी उचलून पलंगावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पडून राहा, उठायचं नाही. ही फार चटकन हो म्हणाली.

टाकी हिने पाण्याने भरून ठेवली. पलंगावरून दिसत नाही. संकल्प: पडून देखरेख.

१७ फेब्रुवारी, सोमवार
देखरेख चालू. दर तासाला हिला विचारतो. ही म्हणते, आहे तशी आहे. स्पंज पिळायला सांगितला. हो म्हणाली. पिळला नसणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
उठलो. भिंत धरत हॉलमध्ये गेलो.

पाणी आरपार. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येतं. एक वार नीट वाचला, शुक्रवार.

तुरटी, बाटल्या, पाणी बदलणं, सगळ्याचा एकत्रित परिणाम उशिरा दिसला. मोठ्या कामांचं असंच असतं. हिला विचारलं, काय केलंस? म्हणाली, काही नाही, दिवा लावला आणि बंद केला. तेवढं श्रेय तिला द्यायला माझी हरकत नाही.

मी स्वतः लेकीला फोन केला. म्हटलं, ये, तयार आहे. ती हसली. म्हणाली, खरंच बाबा? मग ठेवते तुमच्याकडेच. मीटिंग आठवली नाही. बराच वेळ बोललो. मॅनेजरला वाटाणे सोलून आवडतात, ही नवी माहिती.

२२ फेब्रुवारी, शनिवार
उद्या लेक येणार. शेवटचा हात फिरवायला हवा. स्पंज बघितला तर तपकिरी, बुळबुळीत, शिसारी यावी असा. यातून पाणी जातंय आणि माझी लेक ते बघणार? उकळत्या पाण्याने धुतला. पांढराशुभ्र झाला. खड्यांखाली पण घाण दिसली, ती ढवळून काढली. ही दारात उभी होती. म्हणाली, अहो, आज तरी राहू द्या. मी म्हटलं, तुला पाण्यातलं काय कळतं?

२३ फेब्रुवारी, रविवार
लेक आली. मॅनेजर झाकणाच्या बरणीत, तिच्या मांडीवर. टाकीत काही दिसत नव्हतं. दिवा लावला तर आणखीच पांढरं.

मी सांगितलं, परवा आरपार होतं, आईला विचार. ही म्हणाली, होतं. मग काय झालं, असं लेकीने विचारलं. ही चहा ठेवायला उठली. स्पंज वाळत होता, तिने बघितला. गालातल्या गालात हसली, रागाने नाही. म्हणाली, बाबा, माझी सायकल आठवते? चांगली चालत होती, तुम्ही उघडलीत. पुन्हा जोडली गेलीच नाही.

मला वाटत होतं ती विसरली असेल.

चहा झाला. बरणी घेऊन मावशीकडे गेली. जाताना वाकून नमस्कार केला. मी तिला वाटाण्यांची पिशवी दिली.

२ मार्च, रविवार
लेक पोचली. मावशीकडे व्हिडिओ कॉल आला होता, मॅनेजरला बघायला. बराच वेळ बोलली म्हणे. मावशीने हिला सांगितलं, हिने मला.

आठवडाभर टाकीला हात लावला नाही. लावावासा वाटला नाही.

पाणी निवळलंय. आज दुपारी लक्षात आलं. आरपार. आत खडे, फिल्टरचे बुडबुडे आणि बाकी काही नाही.

ही म्हणाली, फोन करून सांगू का तिला, पाणी स्वच्छ झालं म्हणून.

म्हटलं, राहू दे.